तिसऱ्या बोयापाशी वीज जाते

११ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा तिथेच! तिसरा लाल बोया डाव्या अंगाने मागे गेला, दादा म्हणाला, "पोर्ट टेन." मी म्हटलं, "पोर्ट टेन," आणि चाक दहा अंश डावीकडे फिरवलं. फिरवलं न फिरवलं तोच समुद्र, धुकं, जहाजाचं नाक, सगळं गुल! काळा पडदा, आणि त्यात आमची दोघांची तोंडं.

कॉम्प्युटरचे पंखेही थांबले. खोली एवढी गप्प झाली की वरच्या मजल्यावरच्या नळाची टिपटिप ऐकू आली.

ही तिसरी वेळ. दादाने काठी घेतली, उठला, आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. चहा तसाच. वर साय धरली.

१२ नोव्हेंबर

सकाळी लॅबमध्ये नऊ दाढा आणि एक सुळा. दातांच्या लॅबमध्ये तीस वर्षं काढली की हात आपले आपण चालतात आणि डोकं भटकायला मोकळं. पोर्सेलीनचे दात भट्टीत असतात तेव्हा छोट्या खिडकीतून नारिंगी उजेड दिसतो. त्या उजेडाकडे बघत मागचं सगळं आठवत बसले.

दादा बंदराचा पायलट. बाहेरून आलेलं जहाज खाडीच्या तोंडाशी थांबतं, पायलट छोट्या बोटीतून जातो, दोरीच्या शिडीने वर चढतो आणि ते अजस्र धूड वळणावळणाच्या पाण्यातून, बोयांच्या तरंगत्या खुणा बघत, आत आणून धक्क्याला लावतो. चोवीस वर्षं हे केलं त्याने. दोन वर्षांपूर्वी त्याचं एक जहाज वळणावर चिखलात रुतलं. बाजूने ढकलणाऱ्या टगबोटीच्या दोराला असा हिसका बसला की एका खलाशाची तीन बोटं गेली. मग उतरताना दादा शिडीवरून पडला, खुबा मोडला. चौकशीच्या कागदावर एकच ओळ — वळणावर वेग जास्त. दादाने सही केली, घरी आला आणि खिडकीकडे पाठ करून बसला. तो बसलाच! त्याने जास्त सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आमच्या घरात न विचारण्याचीच रीत.

गेल्या महिन्यात टगमास्तर आले. दादाचे जुने सोबती, त्या दिवशीची टगबोट त्यांचीच होती. हातात खोकं. पायलट घडवणाऱ्या शाळेत नवी यंत्रं आली म्हणून जुनं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र रंगवणारा भाग, आणि समुद्राचा प्रोग्राम त्यांनी मागून आणला होता. सोबत एक प्लास्टिकचं सुकाणू. म्हणाले, "शाळेला शिक्षक हवाय. पाच डिसेंबरला चाचणी. धुक्यातून जहाज आत आणून दाखवायचं. तुला काय अवघड आहे?" दादा नुसता हात हलवत राहिला — नको, नको.

टगमास्तरांनी माझ्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये ते कार्ड कोंबलं. कसलं कार्ड, वीटच ती! कार्डाला दोन तोंडं आणि आमच्याकडे वायर एकच, म्हणून एक जोडवायर लावली. पडद्यावर पाणी आलं. दादाने खुर्ची हलवली नाही, पण मान वळवली.

पायलट स्वतः सुकाणू धरत नाही. तो नुसतं सांगतो. म्हणून सुकाणूवर मी. बावन्नाव्या वर्षी खलाशी झाले!

१३ नोव्हेंबर

लॅबमध्ये कुणीतरी म्हटलं, "जरा तो साचा दे." मी मोठ्याने म्हटलं, "साचा, सर!" सगळे हसले. मीही हसले. खरं तर तेव्हा मी खाडीच्या तोंडाशी होते. पांढरं, मऊ धुकं, आणि कुठून तरी घंटा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सुट्टी घेतली. मोठ्या दुकानात गेले. भाषण पाठ करून गेले होते — कॉम्प्युटर बंद पडतो, नेहमी एकाच जागी, आणि मागचं बटण बंद करून पुन्हा लावल्याशिवाय उठत नाही. विक्रेत्याने भाषण पुरतं ऐकलंच नाही. "पॉवर सप्लाय लहान पडतोय, मॅडम. सगळ्यांचं हेच होतं."

पॉवर सप्लाय म्हणजे कॉम्प्युटरच्या मागच्या कोपऱ्यातला लोखंडी डबा. भिंतीतली वीज तो आत घेतो आणि आतल्या सगळ्यांना वाढतो. आमचा साडेचारशे वॅटचा. त्याने एक नवा काढून दिला. खोक्यावर हा एवढा आकडा — १०००! शिवाय लाल-निळे दिवे. "हजार वॅट, मॅडम. आता जहाज काय, अख्खं आरमार चालवा."

घरी येताना खोकं मांडीवर होतं. हलकं वाटलं. मला वाटलं, आनंदाने हलकं वाटतंय.

१५ नोव्हेंबर

काय सांगू. टगमास्तरांनी डबा बसवला — "चार स्क्रू तर आहेत." चार वाजता निघालो. पहिला बोया, दुसरा बोया. दादा ताठ बसला होता, दोन वर्षांत इतका ताठ नाही. धुक्यात धक्क्याच्या टोकाचे दोन-चार दिवे आधी डागांसारखे, मग दिव्यांसारखे दिसायला लागले. ते दिसले तेव्हा मला वाटलं, आता पोचलोच! आपल्याला कुणी तरी न्यायला आलंय, हात हलवतंय.

तिसरा बोया. "पोर्ट टेन."

काळोख. वर करपल्याचा वास! मी धावत जाऊन भिंतीतून प्लग उपटला.

टगमास्तर काहीतरी बोलणार होते, दादाने त्यांना थांबवलं. "नवा सप्लाय घातलास ना? मग? यंत्राचा दोष नाही. वळणावर माझंच चुकतं. शाळेत सांग, मी येत नाही."

टगमास्तर चप्पल घालून गेले. नीट निरोपही घेतला नाही त्यांनी.

दादाने आज जेवताना मीठ मागितलं, तेवढा एकच शब्द.

१६ नोव्हेंबर

यंत्र चादर टाकून झाकलं. दादानेच झाकलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

लॅबची भट्टी बिघडली की एक बाई येतात, पायऱ्यांखाली त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे. आज भट्टीसाठी आल्या होत्या. धीर करून सगळं सांगितलं, दादाचंही, आणि विचारलं. बाई म्हणाल्या, "घेऊन या डबा. आणि तो दिव्यांवालाही आणा."

दोन्ही पिशवीत घालून दुपारी गेले. दुकान म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि छतापर्यंत उघडी यंत्रं. कुणाचं आतडं बाहेर, कुणाचं नुसतं टरफल. बाईंनी हजारवाला डबा तळहातावर घेतला, वर-खाली केला आणि हसल्या.

"ताई, बडा घर पोकळ वासा. हा आत रिकामा आहे. चांगल्या सप्लायला वजन असतं."

मग त्याच्या अंगावरचं लेबल माझ्यापुढे धरलं. "मोठा आकडा वाचू नका. बारीक वाचा. कार्डाला जी वीज जाते ती बारा व्होल्टच्या लायनीतून. या लायनीपुढे काय लिहिलंय?"

"तीस अँपियर."

"बारा तीसं?"

"तीनशे साठ."

"मग हजार कुठे गेले?"

"खोक्यावर!" मी म्हटलं. आम्ही दोघी इतक्या हसलो की समोरच्या शिंप्याने मान वर केली.

पण मग बाई गंभीर झाल्या. करपलेली बाजू बघितली. "प्लग वेळेत काढलात. नाहीतर हा जाता जाता कार्डालाही घेऊन गेला असता."

मी विचारलं, साडेचारशेचा जुना तर प्रामाणिक होता ना? मग तो का बंद पडायचा? आणि नेहमी तिसऱ्या बोयापाशीच का?

त्यांनी कागद घेतला. कार्ड तीनशे वीस. प्रोसेसर सव्वाशे. पंखे, डिस्क, सुकाणू वगैरे मिळून ऐंशी. बेरीज सव्वापाचशे. साडेचारशेचा डबा तिथेच संपला.

"मग साडेपाचशेचा घेते."

"नाही हो ताई! पाहुणा किती जेवतो ते बघून स्वयंपाक करायचा, बरोबर. पण हा पाहुणा विचित्र आहे. एरवी गुपचूप जेवतो आणि मधेच एकदम दुप्पट मागतो. पापणी लवायच्या आत. तुमचं ते वळण येतं तेव्हा पडद्यावर काय काय येतं?"

मी डोळे मिटून सांगितलं. वळायला लागलं की, पडदा काळा होण्याआधी क्षणभर, अख्खं बंदर समोर येतं. क्रेन, शेकडो दिवे, प्रत्येक दिव्याभोवती धुक्याचं वलय, प्रत्येकाचं पाण्यात प्रतिबिंब, त्यात जहाजाच्या लाटा. सांगता सांगता मी तिथेच गेले बहुतेक. डोळे उघडले तर बाई माझ्याकडे बघत होत्या.

"झालं तर. ते सगळं एका क्षणात रंगवायला कार्ड हपापून वीज ओढतं. सप्लायला वाटतं, काहीतरी भयंकर झालं, आग लागणार. तो स्वतःला वाचवायला सगळं बंद करतो. तुमच्या भावाचा काय दोष?"

साडेआठशेचा, भरवशाचा, जड — असा मागवायला सांगितला त्यांनी. त्या अचानक हिसक्यांसाठी मोकळी जागा हवी. आणि कार्डाला दोन तोंडं आहेत तर दोन वेगळ्या वायरी. "जोडवायर फेकून द्या. एका नळाला दोन बादल्या कशाला?"

उड्या मारत घरी आले. म्हणजे मनात.

त्याच दिवशी, संध्याकाळ

दादाला सगळं सांगितलं. कागद दाखवला. तो ऐकत होता की नाही कळेना. मग एकदम म्हणाला, "म्हणजे भार आला आणि त्याने स्वतःला वाचवायला सगळं बंद केलं?"

"हो."

"किती वेळात?"

"पापणी लवायच्या आत, म्हणाल्या बाई."

तो कागदाकडे बघत राहिला. अंगठ्याने त्याची कड सरळ करत राहिला. आणि मग, दोन वर्षांनी, सांगितलं.

त्या दिवशी जहाजावरही वीज गेली होती! जहाजाच्या नाकाशी पाण्याखाली एक आडवा पंखा असतो, नाक वळवायला. त्याला खूप वीज लागते. दोन जनरेटर चालू असल्याशिवाय तो लावायचा नाही. कप्तान म्हणाला होता, दोन्ही चालू आहेत. वळणावर दादाने सांगितलं, पंखा लावा. आणि सगळं गेलं — दिवे, इंजिन, सुकाणू. पन्नास हजार टनांचं जहाज, मुकं. "नुसतं पाणी ऐकू येत होतं, चिमणे." एकच जनरेटर चालू होता. दुसरा दुरुस्तीला काढलेला.

मला मोठ्याने रडू आलं. "मग तुझी चूक कुठे रे? तुझी चूक नव्हतीच! चौकशीत का नाही सांगितलंस?"

"कुणी विचारलं नाही," दादा म्हणाला. मग म्हणाला, "चहा दे."

चहा दिला. त्याने डोळे मिटून घेतला. किती हलकं वाटलं असेल त्याला! दोन वर्षांचं ओझं, आणि ते उतरवलं कुणी? पायऱ्यांखालच्या एका दुकानाने.

१९ नोव्हेंबर

चादर काढली. मी काढली, पण त्याने घडी घातली.

२० नोव्हेंबर

सप्लाय इथे कुठेच नाही. बाहेरून यायला आठवडा. टगमास्तरांना निरोप पाठवला — दादा चाचणीला येतोय. ते लगेच आले, दारातच म्हणाले, "मला ठाऊक होतं." त्यांना काहीही ठाऊक नव्हतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दुरुस्तीवाल्या बाई घरी आल्या! म्हणाल्या, मलाही समुद्र बघायचाय. जुना साडेचारशेचाच परत जोडला, कार्डाची भूक प्रोग्राममधून कमी केली, लाटा बंद, धुकं बंद, दिवे निम्मे. "आठवडाभर अशी पथ्याची जेवणं."

निघालो. दादा पडद्याकडे बघून म्हणाला, "हा काय समुद्र आहे? परातीतलं पाणी." बाई म्हणाल्या, "परात तर परात, चालवा." पहिला बोया. दुसरा. तिसरा. मी श्वास धरला होता. "पोर्ट टेन." "पोर्ट टेन."

वळलो!! वळलो, आणि पुढे बंदर होतं. गरीब बंदर, निम्म्या दिव्यांचं, पण होतं. मी दादाकडे बघितलं. पुढची आज्ञा येईना. जहाज आपलं सरकतंय, सरकतंय.

"स्टॉप इंजिन," तो अगदी हळू म्हणाला.

आम्ही तिथेच थांबलो. वळणाच्या पलीकडे, सपाट पाण्यात. दुपार हळूहळू पडद्याच्या कडेने खोलीत उतरली. सोफ्याचा निळा रंग, पाण्याचा निळा रंग — मला क्षणभर कळेना, जमीन कुठे संपते. कधीच जहाजावर पाऊल ठेवलं नाही मी. आयुष्य गेलं लोकांच्या तोंडात बसणाऱ्या गोष्टी करण्यात. पण आज मला खाऱ्या वाऱ्याचा वास आला. शपथ!

जाताना बाई दारात म्हणाल्या, "ताई, तुम्ही सुकाणू धरता तेव्हा ओठ मुडपता. लहान पोरीसारख्या."

२५ नोव्हेंबर

स्वप्न. लॅबच्या भट्टीतून दातांऐवजी छोटी छोटी जहाजं काढत होते. गरम, पांढरी. एकेक पाण्यात सोडत होते आणि ती चुर्र करून तरंगत होती. दातांचे डॉक्टर म्हणत होते, रंगाची शेड चुकली, शेड चुकली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आला! कसला जड! खरोखर जड! पिशवीचा बंद तळहातात रुतला आणि मला बरं वाटलं. यावर दिवे-बिवे काही नाहीत. काळा, गुमसुम. लेबल मी स्वतः वाचलं — बारीक अक्षरं आधी. बारा व्होल्टची लायन, सत्तर अँपियर. बारा सत्तरं आठशे चाळीस. बसवायला आलेल्या बाईंनी पाठ थोपटली.

आणि बसेना! डबा बोटभर लांब. डोक्यावर हात मारला. दादा म्हणाला, "आण इकडे." मांडीवर घेऊन बसला, आतली रिकामी डिस्कची चौकट काढली, वायरी मागून फिरवल्या, प्रत्येक गाठ दोनदा ओढून बघितली. खलाशाच्या गाठी! बाई म्हणाल्या, "एवढी नीट वायर मी पण बांधत नाही." कार्डाला दोन वेगळ्या वायरी, दोन्ही तोंडांना.

मग बाईंनी तासभर सगळ्यात जड देखावा चालवत ठेवायला सांगितला. दाट धुकं, मोठ्या लाटा, सगळे दिवे. कुणी सुकाणू धरलं नव्हतं, जहाज नुसतं डोलत होतं. आम्ही तिघं समोर बसून शेंगा सोलाव्यात तशा गप्पा मारत होतो. मधेच बाईंनी डब्याच्या पाठीला हात लावून बघितला. "कोमट. झोपलेल्या मांजरासारखा." तास झाला. काही झालं नाही. काहीच न होण्याची एवढी मजा कधी वाटली नव्हती.

२९ नोव्हेंबर

पूर्ण प्रवास, पूर्ण धुक्यात. तोंडापासून धक्क्यापर्यंत एक तास दहा मिनिटं. वळणावर बंदर उघडलं — क्रेन, दिवे, वलयं, पाण्यातले लांबच लांब सोनेरी दोरे. कॉम्प्युटरचा पंखा जरा मोठ्याने श्वास घ्यायला लागला, बाकी ढिम्म. दादाचा आवाज त्या धुक्यातून येत होता, माझ्या शेजारून नाही. "मिडशिप्स..." मी चाक सरळ केलं. "डेड स्लो..." वेग अगदी कमी. "आता ती स्वतः जाईल, तिला जाऊ दे." जहाजाला तो "ती" म्हणतो.

धक्क्याला लागलो तेव्हा मी उठून उभी राहिले. उतरायचं होतं मला!

२ डिसेंबर

रोज सराव. दादा आज वळणापाशी दोनदा थांबला. मी म्हटलं, आता कशाला घाबरतोस, सप्लाय भक्कम आहे. म्हणाला, "घाबरत नाहीये, विचार करतोय." करू दे. दोन वर्षं गंजलेली गोष्ट, वेळ लागणारच.

बाई संध्याकाळी येऊन गेल्या. काही काम नव्हतं. सुकाणू त्यांच्या हातात दिलं, तर सरळ बोयावर घातलं जहाज!

५ डिसेंबर, शुक्रवार

चाचणी. शाळेच्या लांबलचक व्हरांड्यात मी आणि टगमास्तर एका बाकावर. आत फक्त दादा, परीक्षक, आणि सुकाणूवर शाळेचा माणूस. माझी जागा दुसऱ्याला! मनात थोडं टोचलं, खोटं कशाला लिहू. दाराच्या फटीतून निळसर उजेड यायचा, हलायचा. बाहेर अंगणात एकजण पानं झाडत होता. झाडूचा आवाज लाटांसारखा. मी त्या लाटांवर किती वेळ गेले कुणास ठाऊक, टगमास्तरांनी कोपर मारलं तेव्हा भानावर आले.

"ताई, तो आत जाऊन बराच वेळ झाला की. एवढा वेळ लागत नाही."

मी बाकावरून उठले.

मग दार उघडलं. दादा काठीवर, शर्ट पाठीला चिकटलेला. परीक्षक मागून आले आणि टगमास्तरांना म्हणाले, "तुमच्या माणसाने वळणाआधी जहाज थांबवलं. इंजिनरूमला विचारलं, जनरेटर किती चालू आहेत. आम्ही कागदावर दोन दिले होते. तो म्हणाला, कागद नको, खाली जाऊन बघून सांगा. उत्तर येईपर्यंत पंख्याला हात लावू दिला नाही. वीस वर्षांत असं कुणी विचारलं नाही आम्हाला!"

टगमास्तरांनी दादाला मिठीच मारली. काठी पडली. मी उचलली. मला वाटलं, बघा! शिकला ना माझा दादा माझ्या त्या कागदावरून!

घरी येताना तो गाडीच्या काचेला डोकं टेकून होता. "दमलास?" विचारलं. "नाही गं," म्हणाला.

८ डिसेंबर

शाळेचं पत्र आलं. नेमणूक! पंधरा तारखेपासून. आठवड्याला चार तास.

बाईंना सांगायला दुकानात गेले तर त्या कुणाच्या तरी उघड्या रेडिओत वाकलेल्या. नुसतं म्हणाल्या, "बसा, हे धरा." हातात तारेचं टोक दिलं. मी धरून बसले. बराच वेळ. फार छान वाटलं.

१० डिसेंबर

दादाने स्वतःहून खुर्ची खिडकीकडे फिरवली. तसं मुद्दाम काही नाही, ऊन हवं होतं, म्हणाला.

मी लॅबमध्ये दिवसभर गुणगुणत होते. विचार करत होते — किती साधी गोष्ट! डबा लहान होता. एवढंच. दोन्हीकडे डबा लहान होता, आणि माझा भाऊ उगाच स्वतःला खात बसला.

१४ डिसेंबर, रविवार

उद्या दादाचा पहिला तास. दिवसभर वहीत काहीतरी लिहीत होता. काय शिकवणार आहेस, विचारलं. त्याने वही माझ्यापुढे सरकवली. पानावर तीनच ओळी.

"कप्तानाने दोन जनरेटर सांगितले. पण वळणाआधी पंखा एकदा लावून बघितला तेव्हा जहाजावरचे दिवे क्षणभर मंद झाले होते. ते मला दिसलं होतं, आणि उशीर झालेला म्हणून मी जहाज थांबवलं नाही."

मी वर बघितलं. तो खिडकीतून बाहेर बघत होता.

"पोरांना आधी हे सांगतो," म्हणाला. "मग बाकीचं."